तिची दुसरी कॅसेट

साल १९८६. मला बेचाळिसावं चालू होतं. निपाणीत बसस्टँडमागच्या बोळात माझं गाणी भरून द्यायचं दुकान होतं. दोन कॅसेटींचं मशीन, एक स्टूल आणि डोक्यावर पत्रा. गिऱ्हाइकानं कोरी कॅसेट आणायची, कुठली गाणी पाहिजेत ते सांगायचं, मी भरून द्यायचो. चोर म्हणणारे तेव्हाही होते. त्यांना माझं सांगणं एकच: गिरणीवाला दळण घेताना गहू कुणाच्या रानातला ते विचारतो काय? शाळा माझी दुसरीपर्यंत, तीही कानडी. पण एवढं मला कळतं, आणि आजही माझं म्हणणं तेच आहे.

बोळाच्या टोकाला बिड्या वळणाऱ्या बायका बसायच्या. त्यांच्यात ती होती. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि तोंडात गाणं. ओळ ती टाकायची, बाकीच्या धृपद उचलायच्या. शिकलेला आवाज नव्हता तो. पण ती ओळ टाकायला लागली की माझा हात मशीनवर थांबायचा.

एका जत्रेत कुठल्याशा कंपनीच्या माणसानं तिला ऐकलं आणि मुंबईला नेलं. कॅसेट निघाली. वर तिचा फोटो, डोक्यावरनं पदर, डोळे भ्यालेले. रेडिओच्या दुकानात ती काचेआड ठेवली. किंमत अशी, की दोन दिवस बिड्या वळाव्यात, पोटाला काही खाऊ नये, तेव्हा ती हातात यावी. बायका काचेपाशी जायच्या, फोटो बघायच्या आणि परत यायच्या. शेवटी सगळ्यांनी मिळून एक घेतली आणि माझ्याकडं आणली. त्या एकीच्या किती झाल्या, मला सांगता यायचं नाही. निपाणी झाली, संकेश्वर झालं, खानापुराकडं दिलेल्या लेकींनी ती तिकडंही नेली.

कंपनीनं तिला सांगून ठेवलं होतं, ही खपली तर दुसरी काढू. दुसरीची गाणी तिनं बिड्या वळता वळता जुळवली होती. लिहिता येत नव्हतं, सगळं मनातच. जाता-येता मला विचारायची, "अण्णा, कंपनीचं कायतरी कळलं का वो?" जसा काय मीच कंपनीचा माणूस. सगळा मुलूख तिची गाणी म्हणत होता आणि कंपनीच्या लेखी खप नव्हता. मग तंबाखूची धूळ छातीत धरली. बेळगावच्या दवाखान्यात नेली, ती परत आली नाही.

दहाव्याला आम्ही सगळे वेदगंगेच्या काठावर होतो. तिचा नवरा, बिडीवाल्या बायका, रेडिओच्या दुकानाचा मालक, भटजी आणि मी. पिंड ठेवला. बाभळीवर चार-पाच कावळे होते, पण एकही खाली उतरेना. ऊन चढत चाललं.

भटजी म्हणाले, "बाईचं कायतरी मागं राहिलंय. शब्द द्या."

नवरा हात जोडून म्हणाला, "पोरीला चांगल्या घरात देतो." कावळे जागचे हलले नाहीत.

"पोरास्नी आमी बगतो गं बाई, जा तू," बायका म्हणाल्या. तरीही नाही.

तेवढ्यात पुलापलीकडच्या चहाच्या हॉटेलात कुणीतरी टेप लावला, आणि ती गायला लागली.

त्या हॉटेलवाल्याला काय ठाऊक, कोण मेलंय आणि कुणाचं दहावं आहे. पण आम्ही सगळे जाग्याला थिजलो. वाऱ्यानं आवाज लांब जायचा आणि परत अगदी कानाशी यायचा. माझ्या मशीनची एक खोड होती, गाण्याच्या खालून वीज गुणगुणत राहायची. ती गुणगुणही मला ऐकू आली. कॅसेट मी भरलेली होती. कावळे गप्प झाले. एक म्हातारी हळूच म्हणाली, "आली बगा."

नवरा माझ्याकडं वळला. "अण्णा, तुमी भरून भरून वाटलासा म्हणून हिची दुसरी निघाली न्हाय. त्यातच जीव अडकलाय तिचा. एकदा म्हणा तिला, चुकलं म्हणून."

"मी न्हाय म्हणणार," मी म्हटलं. "किंमत काय मी ठेवलती? त्याला इचार."

रेडिओवाला उसळला. "मला काय इचारतोस? कंपनी ठेवती ती किंमत. माझ्याकडं पेटीभर पडल्यात धूळ खात. चोराच्या उलट्या बोंबा!"

"पेटीभर पडल्यात तर एक तिच्या घरी द्यायची हुती की."

"आनि तू मजुरी सोडलीस काय रं कुणाची?"

"गिरणीवाला सोडतो काय?"

"अहो, गेलेल्या माणसापुढं भांडताय!" भटजी ओरडले. पुलापलीकडून ती गातच होती.

नवऱ्यानं पुन्हा हात जोडले. या वेळी ते मला जोडलेले होते. "एवढं म्हणा की वो, अण्णा. खोटं खोटं म्हणा."

खोटं मला म्हणता येत नाही. माझ्या तोंडातून खरं निघालं. "तुझ्या बायकोनं सोता माझ्याकडनं भरून नेली. कंपनीनं तिला दोन दिल्या हुत्या. एक तुझ्या कामावरल्या मुकादमानं नेली, एक तुझ्या भावानं. तिचा आवाज तिच्याच हाताला ऱ्हायला नव्हता. मग माझ्याकडं आली."

तो मटकन वाळूत बसला. "मला सांगितलं न्हाय तिनं," एवढंच बोलला. पलीकडचा टेप संपला. कावळे उडाले ते नदीच्या दुसऱ्या अंगाला गेले.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. गवताची गाठ ती, चोच कुठली आणि पंख कुठला. पण शास्त्रात चालतो. रेडिओवाला माझ्या कानाशी पुटपुटला, "घे. कावळाबी नकलीच." मागं कुणीतरी हसलं आणि लगेच तोंडाला पदर लावला. खऱ्या कावळ्यानं पाठ फिरवल्यावर नकलीवर भागवायचं कुणी ठरवलं, ते मला त्यालाच विचारायचं होतं. पण ती जागा नव्हती.

परत येताना दोन घरांतून ती गात होती. यापूर्वी असं ऐकलं की माझी छाती फुगायची, हे आपण भरलेलं म्हणून. त्या दिवशी मी बोळ बदलला. दुसऱ्या बोळातही ती होतीच, भांड्यांच्या आवाजात. सगळीकडं तीच पहिली कॅसेट. दुसरीतलं एक अक्षर कुठल्या घरात नव्हतं. दुकान उघडलं, पण मशीनला हात लावावासा वाटेना. वाटलं, बटण दाबलं की कोऱ्या कॅसेटीतूनही ती विचारेल, अण्णा, कायतरी कळलं का.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरी कॅसेट घेतली, हातात न्यायचा, आवाज भरायचा टेप घेतला आणि बिडीवाल्या बायकांत जाऊन बसलो.

"का अण्णा, आता बिड्या वळायला लागणार काय?" एक म्हणाली.

"दुसरीसाठी तिनं जुळवलेली गाणी म्हणा. तुमच्यातच बसून जुळवली न्हवं?"

त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. "आमास्नी धृपदं येत्यात. ओळी तिच्या."

"मग कुणीतरी टाका की ओळ. रोज ऐकत हुतासा."

"ऐकलं व्हय," म्हातारी म्हणाली. "पर ती तिची जागा हाय. तिनं टाकल्याबिगार आमच्या तोंडात काय येत न्हाय."

मी बटण दाबलं. त्यांनी धृपद उचललं आणि मग थांबल्या. हात चालू होते, पान, तंबाखू, दोरा. तिची ओळ जेवढी लांब असेल तेवढा वेळ कुणी मान वर केली नाही. मग एकदम, सगळ्यांनी एकाच श्वासाला पुन्हा धृपद उचललं. परत थांबल्या. त्या मोकळ्या जागेत नुसती कात्र्यांनी पानं कापल्याची करकर होती.

टेप मी बंद केला नाही. एक बाजू संपली तेव्हा कॅसेट उलटी घातली आणि पुन्हा बटण दाबलं.