साडभाऊ आणि रक्ताचे टक्के

सन एकोणीसशे अठ्ठावन्न. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, आणि आमच्या साडभाऊंइतका स्वतःच्या रक्ताचा गर्व असलेला माणूस त्या साली यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नव्हता, हे मी कोणासमोरही सांगायला तयार आहे. कुळाचा गर्व असलेली माणसं पुष्कळ पाहिली. साडभाऊंचा गर्व टक्क्यांचा होता. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान वणीकडे राजूरला कोळशाच्या खाणीत कामाला होते. तिथल्या डॉक्टरनं एकदा त्यांचं बोट टोचून रक्त तपासलं आणि ऐंशी टक्के भरलं म्हणून सांगितलं. आता साडभाऊ चौथी नापास आणि मी चौथी पास, ही गोष्ट आमच्या सासुरवाडीत लहानथोरांना माहीत होती, कारण ती मीच सांगितली होती. त्यामुळे ऐंशीचा आकडा कानावर पडताच त्यांनी खाणीवर पेढे वाटले. पस्तीसला पास, साठला फर्स्ट क्लास, मग ऐंशीला काय म्हणतात ते चौथीवाल्यांनी सांगावं, असं ते माझ्याकडे पाहत चारचौघांत विचारायचे.

तेव्हापासून त्यांची रामराम करायची रीतच बदलली. माणूस भेटला की आधी अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढायची, आत लाली किती ते पाहायचं आणि मग ख्यालीखुशाली. एसटीच्या कंडक्टरनं तिकीट फाडायच्या आधी पापणी दाखवली होती, हे मी स्वतः पाहिलं आहे. सासुरवाडीच्या एका लग्नात तर त्यांनी मुंडावळ्या बाजूला सारून नवरदेवाचाच डोळा ओढला आणि मुलीच्या बापाला सांगितलं, पन्नाशीच्या आत आहे, पाहून घ्या. वऱ्हाड परत निघालं होतं. मी पाया पडून थांबवलं, आणि साडभाऊ मांडवाच्या कोपऱ्यात शांतपणे बुंदी खात बसले. आमच्या घरी आले की बैलांनाही सोडायचे नाहीत. पांढऱ्याची पापणी पाहून म्हणाले, हा तुमच्या पुढं आहे.

रक्त कसं तपासतात हे ते चहावर समजावून सांगत. बोटातलं थेंबभर रक्त बारीक काचेच्या नळीनं ओढायचं, औषधात सोडायचं, की ते काळ्या चहासारखं तपकिरी होतं. शेजारी सरकारी रंगाची एक काच लावलेली. मग थेंब थेंब पाणी टाकत जायचं, दोन्ही रंग सारखे दिसेपर्यंत. रक्त जितकं कसदार, तितकं जास्त पाणी ते पचवणार, आणि पाणी जिथवर चढलं तिथला आकडा वाचायचा. एवढं सांगताना ते माझ्या पेल्यातल्या चहात तांब्यानं पाणी ओतत, आपल्या पेल्याशी रंग जुळवत आणि म्हणत, 'तुमचा चहा सत्तर टक्के हाये साडभाऊ.' मग मी ते कोमट पाणी प्यायचं. घरात गूळ महाग, चहापत्ती महाग, पण थोरल्या साडूला बोलायचं कसं?

त्या पावसाळ्यात आमच्या घरी बायकोला दिवस गेलेले होते. सहावा सरत आलेला. विहिरीवरून पाणी आणताना ती मध्येच खाली बसायची, छातीला हात लावायची, आणि भिंतीचा पोपडा काढून तोंडात टाकायची. पोटुशा बाया माती खातातच, असं सगळे म्हणत, मीही म्हणत होतो. एक दिवस मी निंदणाला शेतात असताना साडभाऊ सपत्नीक आले आणि दोघी बहिणींना घेऊन परस्पर दारव्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. संध्याकाळी वेशीपासूनच आरोळी देत आले की दोघी पास. त्यांची पासष्ट, माझी बेचाळीस. आळीभर पेढे गेले. मला पेढा गोड लागला नाही. त्यांची फर्स्ट क्लास आणि माझी थर्ड? मी स्पष्ट सांगितलं, डॉक्टरनं पाणी टाकताना हात आखडता घेतला असेल. डॉक्टर पुढं बरंच काही बोलला होता म्हणे, पण आकडा ऐकल्यावर साडभाऊंचं लक्ष मिठाईच्या दुकानाकडे लागलेलं. यजमानांना घेऊन या, एवढं मात्र त्यांच्या ध्यानात राहिलं होतं. त्यांना वाटलं, अभिनंदन करायला बोलावलं. थर्ड क्लासचं अभिनंदन घ्यायला मी जाणार नव्हतो.

पंधरवडा-तीन आठवडे गेले असतील. एका सकाळी साडभाऊ बोरी अरबला एसटीतून उतरून चिखल तुडवत पायी आले. वाटेत त्यांनी कोणाची पापणी ओढली नाही. आले ते खाटेच्या कडेवर बसले आणि म्हणाले, तो निकाल रद्द समजा. खाणीच्या डॉक्टरला त्यांनी साळीच्या थर्ड क्लासची बातमी कौतुकानं सांगितली होती. तो आधी पोट धरून हसला, मग टेबलावर हात आपटून ओरडला. या परीक्षेत पास-नापास नसतं. शंभराच्या आसपास असलं तर माणूस धड.

'माझे ऐंशी बी कमीच हायेत म्हणे,' साडभाऊ जमिनीकडे पाहत बोलले. एवढं बोलायचा धीर गोळा करण्यात त्यांची राजूरपासूनची सगळी वाट गेली असावी.

पण मी ऐकणारा नव्हतो. निकाल लागला, गावानं पेढे खाल्ले, आता तुमच्या म्हणण्यानं तो फिरवायचा? डॉक्टर-बिक्टर काही नाही, बाया बाळंत होतातच, असं म्हणून मी विषय मिटवला आणि ताटं वाढायला सांगितली.

भाकर, वरण, अंबाडीची भाजी समोर आली. साडभाऊंनी ताटाला हात लावला नाही. 'पहिले ती जेवल. मंग मी,' म्हणाले. आता पाहुण्याआधी मी कसा जेवणार? आणि नवऱ्याआधी ती कशी जेवणार? ती दाराच्या चौकटीला टेकून उभी. मी आग्रह केला, मग रागावलो, मग शपथ घातली. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून भिंतीकडे पाहत राहिले. मीही काही कमी हट्टी नाही. वरणावर साय धरली, भाकर वातड झाली, गुरं घरी यायची वेळ झाली, तरी तिघंही उपाशी. शेवटी उभं राहवेना म्हणून ती चौकटीशीच खाली बसली, आणि बसताना तिचे ओठ मला पांढरे दिसले.

साडभाऊंनी तेव्हा कुठं माझ्याकडे पाहिलं. 'काहून समजून नाई राह्यले तुमी? ह्या पोरीत निम्म्याहून कमी रक्त हाये. त्याच्यात दोघं जगून राह्यले. आन् म्या गावभर पेढे वाटले, बाप्पा.'

मी माझं ताट उचललं आणि तिच्यापुढं ठेवलं. 'जेव,' म्हणालो, दुसरं काही नाही. ती आमच्याकडे पाठ करून जेवली. साडभाऊ तिचा घास न् घास पाहत होते, आणि ती दुसऱ्या भाकरीला लागली तेव्हा त्यांनी स्वतःचा पहिला घास मोडला.

कार्तिकात मुलगी झाली. साडभाऊ आले आणि बारशाचं झबलं सुईणीच्या हातात देत त्यांनी आधी टक्केच विचारले. आता त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. नातवंडांच्या दवाखान्याचे आकडे हल्ली वेगळेच येतात, अकरा, बारा, काहीतरी. त्याला पास म्हणायचं की काय, हे विचारायला कोणी राहिलं नाही. रामराम करताना माझा डोळाही कोणी ओढत नाही.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बंडीला बैल जुंपले. बंडीत कुटार पसरून वर घोंगडी अंथरली. साडभाऊ ओसरीत झोपेचं सोंग घेऊन पडले होते. तिनं विचारलं, कुठं निघालो? मी म्हणालो, दारव्ह्याच्या बाजाराला. त्या दिवशी बाजार नव्हता. ती पदर सावरून घोंगडीवर बसली.