रेघ थरथरती हवी

आमचे हे पालीला घाबरतात. खोटं सांगत नाही. भिंतीवर पाल दिसली की पन्नाशीचा हा बाप्या खुर्चीवर पाय घेऊन बसतो आणि हाका मारतो, "शरयू, अगं आधी इकडं ये!" विजा कडाडल्या की खिडक्या लावा, रेडिओची वायर काढा, आरशावर चादर टाका. आणि हाच माणूस सातारा-सांगलीकडच्या पोरांना तीन वर्षं भुतं दाखवत होता! एसटी स्टँडवर पेपरच्या गाळ्यात दोरीला चित्रकथांची पातळ पुस्तकं लटकलेली असतात ना, त्यातली भुतं आमच्या सांगलीच्या घरात, माझ्या स्वयंपाकघरात जन्मलीत. का, ते सांगते.

सुमंत त्यांचं नाव. दिवसा हायस्कुलात भूगोल शिकवतात, म्हणून सगळे मास्तर म्हणतात. घरी येऊन चहा झाला की जुन्या वहीत पानाला सहा चौकटी आखायच्या. कुठल्या चौकटीत काय दिसायला हवं ते लिहायचं, फुग्यात कोण काय बोलतं ते लिहायचं. फुग्यात बारा शब्दांवर तेरावा गेला की खोडतात. मग मी कणीक मळत असले की मोठ्यानं वाचून दाखवायचं. माझा हात थांबला की चौकट पास. हात चालूच राहिला की तोंड पाडून परत खोडायला बसायचं. डावीकडच्या समासात चित्रकारासाठी सूचना असते, 'इथं घोडा जवळून', 'इथं नुसते डोळे', अशी.

चित्रकार म्हणजे धुळा. आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला. लहानपणी खडकावर कोळशानं मेंढरं काढायचा, पुढं दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला, तिथंच ह्यांना सापडला. त्याचा घोडा बघावा! कानापासून शेपटीपर्यंत, ब्रश न उचलता, एक रेघ. साताऱ्याचे प्रकाशक लालासाहेब तर तोंडावर म्हणायचे, "मास्तर, गोष्ट ठीक हाय तुमची, पण पुस्तक खपतंय त्या घोड्यावर." ह्यांना राग नाही, उलट घरी येऊन मलाच कौतुकानं सांगायचे. बारा वर्षं शूर इंद्रजित आणि त्याचा घोडा, महिन्याला एक पुस्तक. वहीतली पानं एसटीनं आटपाडीला जायची, चित्रांचं पुडकं एसटीनंच परत यायचं.

ब्याण्णवच्या दिवाळीआधी आटपाडीच्या गाडीनं पुडकं आलं. ह्यांनी पानं पसरली. घोड्याच्या पाठीची रेघ शेवयीसारखी वळवळली होती.

"घाईत काढलंय वाटतं," मी म्हटलं.

"धुळा घाई करत नाही," हे म्हणाले.

पुढच्या महिन्यात इंद्रजित बंद. वहीत पहिलं भूत आलं, आणि समासात ठसठशीत अक्षरांत, 'धुळा, इथं रेघ थरथरती हवी.'

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, तुम्हाला पाल सोसत नाही, भूत कशाला घरात आणताय?"

"भुताच्या गोष्टीत वाकडी रेघ चालते, शरयू."

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. धुळाचा हात कापायला लागला होता, आणि हे ते झाकत होते. लालासाहेबांना कळलं तर धुळाचं काम जाणार. आणि मास्तर आपल्याला झाकतायत हे धुळाला कळलं तर तो मानी माणूस, स्वतःहूनच ब्रश टाकणार. मेंढरं केव्हाच भावांच्या वाट्याला गेलेली. चित्रं गेली तर त्या माणसाजवळ राहतंय काय? त्या दिवसापासून दारात पोस्टमन आला तरी मला धडकी भरायची.

भुतांची पुस्तकं मात्र लय खपली. पोरांची पत्रं यायची, चित्रंच थरथरतात, हात लावायची भीती वाटते म्हणून. लालासाहेब खूश. आणि धुळाचा हात दर महिन्याला जास्तच हलत होता. हे पानं उजेडात धरून बघायचे आणि त्या मापानं पुढची भीती वाढवायचे. भूत पुरेना, तेव्हा महापूर आणला. तोही पुरेना.

किल्लारीचा भूकंप झाला, आणि त्याच थंडीत कोयनेचा धक्का आमच्या मांडणीवरची भांडी वाजवून गेला. हे वही छातीशी धरून अंगणात उभे, तोंड पांढरंफटक. आणि आठवडाभरानं हेच स्वतःहून कोयनानगरला जाऊन आले! तिथं हरिबा नावाच्या म्हाताऱ्यानं ह्यांना सांगितलं, "आवं, धक्का बसल्यागत वाटलं की आमी आधी वर दिव्याकडं बघतो. दिवा हलत आसंल तर पळायचं. न्हाईतर आपलंच डोस्कं फिरलंय म्हणायचं." झालं, बत्तीस पानं भूकंप. सरळ रेघ कुठंच लागणार नाही असं पुस्तक. लिहून झालं तरी जेवताना घास हातात धरून हे वर बल्बकडं बघायचे, आणि त्यांचं बघून मी.

पंच्याण्णवच्या मे महिन्यात लालासाहेबांचं पत्र आलं. आईबाप तक्रारी करतायत, पोरं एकटी परसात जाईनात. आता भुतं पुरे. दिवाळीला इंद्रजितचं मोठं पुस्तक पाहिजे, मुखपृष्ठावर दरीवरून उडी घेणारा घोडा.

"संपलं," हे म्हणाले. "आता मी समासात काय लिहू?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं आटपाडीला निघालो. वाटभर हे पुढ्यातली पिशवी घट्ट धरून बसले होते.

धुळा ओसरीत घोंगडं टाकून चित्र काढत होता. मनगटाला वाळूची पिशवी बांधलेली, हात जड व्हावा म्हणून. शेजारी त्याची बायको भामाबाई शाईची बाटली दोन्ही हातांनी धरून बसलेली. आम्हाला बघून त्यानं पिशवी लपवली नाही. उठला, ट्रंकेतून कागदांचा गठ्ठा आणला आणि ह्यांच्या पुढ्यात ठेवला. तीन वर्षांची ह्यांचीच पानं होती ती.

"तीन वर्सं समासात 'रेघ थरथरती हवी' ही एकच वळ लिवताय, मास्तर," तो म्हणाला. "पालीला भिणारा मानूस भुतं कशापायी लिवतोय, मला कळंना व्हय?"

मीच विचारलं, "मग बोलला का नाहीस रे?"

"वैनी, बोललो आस्तो तर मास्तरांनी लिवायचं थांबवलं आस्तं. अन् मला तर काढायचं हुतं." मग वाळूची पिशवी सोडत म्हणाला, "मिरजंच्या डाक्टरानं गोळ्या दिल्यात. कंप काय जायाचा न्हाई म्हनला. तुमी घोडा लिवा. ती वळ मातर आता लिवू नगा."

मी तिथंच, भामाबाईच्या समोर, रडले. तिनंच मला पाणी दिलं.

ह्यांनी घोडा लिहिला. समास कोरा ठेवताना चार वेळा पेन टेकवून उचललं. ती पानं गेली आणि महिनाभर काही नाही. मी रोज स्टँडवर जाऊन रिकाम्या हातानं परत. भामाबाईनं चूल पेटवायला घेतली असतील की काय ती पानं, इथवर माझं मन जाऊन आलं.

शेवटी पुडकं आलं. दरीच्या काठावर घोडा. कानापासून शेपटीपर्यंत एकच रेघ, ब्रश कुठंही उचलला नव्हता, आणि ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत हलत होती. तो घोडा अंगभर कापत होता. समासात धुळाचं वाकडंतिकडं अक्षर. 'मास्तर, घोडा भ्यालाय. फुग्यात लिवा.'

बारा वर्षं इंद्रजित दरी बघून 'चल बहाद्दरा!' एवढंच ओरडायचा. ह्यांचा चहा निवला, त्यावर साय धरली. मग ते खोडलं, नवं लिहिलं, आणि कणकेपाशी येऊन वाचून दाखवलं. इंद्रजित घोड्याच्या कानात म्हणतो, "मला पण भ्या वाटतंय रं. चल."

माझा हात परातीत तसाच राहिला.

पानं घेऊन आम्ही तिघं साताऱ्याला गेलो. लालासाहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. "घोडा हलतोय," म्हणाले.

धुळानं हात त्यांच्या टेबलावर ठेवला. चहाची बशी किणकिण वाजायला लागली. "घोडा न्हाई सायेब, हात हलतोय."

मला वाटलं, आता उठा आणि चालू लागा. लालासाहेबांनी फुगा दोनदा वाचला. मग बशी हळूच बाजूला सरकवली, तिचा आवाज थांबला. "ह्या दिवाळीचं छापतो," म्हणाले. "फुडचं फुडं बघू."

ते छापलं, खपलंही. आता हे दुसरं लिहितायत, इंद्रजित घाटात वाट चुकतो ती गोष्ट. माझी भीती काही गेलेली नाही. आटपाडीची गाडी दुपारी येते, पुडकं आणायला मीच जाते, आणि तिथंच बाकावर सुतळी सोडून आधी घोड्याची पाठ बघते.

परवाच्या पानात कानापासून निघालेली रेघ पाठीच्या मध्यावर आली आणि थांबली होती. तिथून पुढं दुसरीच रेघ होती, जाड, जपून ओढलेली, रांगोळी घालणाऱ्या हाताची. ती शेपटीपर्यंत नीट गेली होती. समासात बाण काढून लिहिलं होतं, 'हितनं फुडं भामा.'

घरी येऊन मी पान ह्यांच्या पुढ्यात ठेवलं. ह्यांनी त्या सांध्यावरून बोट फिरवलं. मग वही ओढली, सहा चौकटी आखल्या, आणि समासात लिहिलं, 'धुळा, भामाबाई, इथं घोडा जवळून.'