आंब्याखालचा फोन

घरून काम करायची परवानगी मला मिळाली ती रडतखडत. सिद्धगडाच्या पायथ्याशी आमच्या पाड्यावर वायरचं इंटरनेट आलं होतं, पण मोबाइलला रेंज फक्त खळ्याजवळच्या आंब्याखाली. "चॅट, मेल सगळं बंद पडलं तर तुला गाठायचं कसं? एकदा जरी सापडली नाहीस, तर बॅग भरून ऑफिसला यायचं," असं साहेबांनी सुनावलं होतं. शहरातल्या त्या कोंदट खोलीत परत जायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी ऐटीत आंब्याखालचा नंबर दिला. बॅग मात्र धास्तीने रिकामीच केली नाही.

आमच्याकडे घरटी एक साधा फोन पिशवीत घालून त्या आंब्याला टांगलेला असतो. वाजला की जवळ असेल तो उचलतो, विचारपूस करतो, मग ज्याचा फोन असेल त्याला कुकारा देऊन, म्हणजे लांबूनच ओरडून, बोलावतो. हे साहेबांना सांगायचं मी शहाणपणाने टाळलं.

एका रविवारी ओढ्यावर गोधड्या धूत होते, तर वरून काकीचा कुकारा आला. "अगो ए! हापिसचा फोन हाय!"

धापा टाकत पोचले, तर काकी फोनवर साहेबांना झाडत होती. "साहेब म्हंजी कुनाचा कोन? गाव कुठला तुजा?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "देवगडचा हाय म्हनतो. खरा काय गो?"

खरंच होतं ते. मी फोन घेतला. कंपनीच्या यंत्रणेत कुणीतरी घुसलं होतं, आमचं चॅट वाचत होतं, साहेबांचं नाव सांगून फोनवर पासवर्ड मागत होतं. ऑफिसातल्या दोघांनी देऊनही टाकले होते. मी सांभाळत असलेला सर्व्हर ताबडतोब बंद करायचा होता. मी घराकडे पळत सुटले आणि लॅपटॉपवरून तो बंद केला. त्याला धक्का लागला नव्हता.

दोन दिवसांनी साहेबांनी आंब्याखालीच फोन केला. आता बॅग भर म्हणतील, असंच मला वाटलं.

"तुला यायची गरज नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी मी इतक्या जणांना फोन केले, पण खात्री करायला माझं गाव विचारणारी तुझी काकी एकटीच निघाली. आता फोन आला की सगळ्यांनी आधी असंच काहीतरी विचारायचं, असं ठरवलंय."

काकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग? वळख ना पाळख, आनि दार उघडायचा काय?"

मी हसतच घरी गेले आणि बॅग रिकामी केली. आईने लगेच तिच्यात वालाचं बियाणं भरून ठेवलं.