घुबडाच्या नाण्यावरची भेग

नको तिथे नाक खुपसायची माझी सवय लग्नाआधीच कळायला हवी होती, असं बायको म्हणते. जर्मनीत वोल्फ्सबुर्गला आल्यावर या सवयीला खालच्या मजल्यावरचे आजोबा मिळाले. मी गाड्यांचे पत्रे दाबून पार्ट काढणाऱ्या प्रेसशॉपमध्ये, ते निवृत्त टूलमेकर, आयुष्यभर डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे ठसे, घडवलेले. दर रविवारी चारला त्यांचा फोन आला की मी कॉफीला खाली.

त्यांच्याकडे अथेन्सचं एक प्राचीन चांदीचं नाणं होतं. एका बाजूला देवी, दुसऱ्या बाजूला टक्क डोळ्यांचं घुबड आणि काठाला वाकडी भेग. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या बायकोनं दिलेलं. "आयुष्यभर भेगा पडलेले पार्ट फेकून दिलेस, आता एक घरात सांभाळ," असं म्हणून तिनं मुद्दाम भेगेचंच निवडलं होतं. ती जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी हे सांगताना ते दर वेळी हसायचे.

नाणं पाडायची रीत त्यांनीच मला समजावली. एक ठसा ऐरणीत बसवलेला, दुसरा हातात, मध्ये तापवलेली चांदीची चकती आणि वरून हातोड्याचा घाव. चकती पसरते, कधी काठ फाटतो.

"आमच्याकडे असा पार्ट थेट भंगारात," मी म्हणालो.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" ते खूश झाले.

मग एका शनिवारी मी जवळच्या शहरातल्या नाण्यांच्या बाजारात गेलो. एका टेबलावर तेच घुबड. तीच भेग, त्याच जागी, तशीच वाकडी. मला तर आनंदच झाला! एका ठशाची शेकडो नाणी निघतात, तेव्हा चित्र सारखं येणारच, पण भेग ज्या त्या चकतीची. दोन नाण्यांना एकच भेग म्हणजे निदान एक तरी भेगेसकट साच्यात ओतलेलं नकली. मी फोटो काढला आणि कोडं सुटल्याच्या भरात रविवारी सगळं त्यांना ऐकवलं. कुणाच्या नाण्याबद्दल बोलतोय, ते बोलून झाल्यावर कळलं.

त्यांनी फोटो पाहिला, नाण्याची डबी बंद केली. "कॉफी गार होतेय," एवढंच म्हणाले.

पुढचे दोन रविवार फोन आला नाही. मला स्वतःची लाज वाटत होती.

तिसऱ्या रविवारी फोन आला. टेबलावर भिंग आणि उघडी डबी.

"बघा, ओतताना राहिलेले बुडबुड्यांचे खड्डे. माझंच नाणं ओतलेलं आहे. साच्याची रेघ कानशीनं घासून काढलीय. आल्झो, काही म्हणा, करणाऱ्यानं काम छान केलंय."

"चुकलं माझं," मी म्हणालो. "सांगायला नको होतं."

"टूलमेकरपासून भेग लपवायची? मग मात्र मी रागावलो असतो." त्यांनी नाणं तळहातावर घेतलं. "वाईट एकाच गोष्टीचं वाटतंय. हे तिला सांगता येत नाही. भेगेचं म्हणून निवडलं आणि भेगच नकली! पोट धरून हसली असती."

ते स्वतःच हसायला लागले आणि हसता हसता रडले. कॉफी त्या दिवशी मी ओतली.