हवाबाईंची काटकसर

किनाऱ्यावरच्या डायव्हिंगच्या दुकानामागे एक पत्र्याची शेड होती. कागदोपत्री ती दुकानाची, पण राज्य हवाबाईंचं. प्रवाळ बघायला खाली जाणाऱ्यांच्या पाठीवर जे सिलिंडर असतात, त्यांत हवा भरायचं काम बाई लेक पोटात असल्यापासून करत आल्या होत्या. त्यांचं खरं नाव सांगायला आता त्यांच्या नवऱ्यालाही डोकं खाजवावं लागे.

सिलिंडर पाण्याच्या टाकीत उभे करायचे, म्हणजे भरताना तापत नाहीत. काँप्रेसर सुरू करायचा, काटा चढला की तोटी बंद करायची, आणि मग कान लावून ऐकायचं. कुठं जरा 'सुस्स' झालं की बाई रबरी चकती बदलूनच उठायच्या. हवा फुकट गेलेली त्यांना खपत नसे. लहानपणी लेकीचा फुगा फुटला तेव्हा लेकीआधी आईच हळहळली होती.

एवढं करून बाई स्वतः गुडघाभर पाण्यापलीकडे कधी गेल्या नव्हत्या. त्यांची हवा घेऊन जगभरची माणसं खाली जात, वर येऊन शेडच्या दारात हातवारे करत काय काय पाहिलं ते सांगत, आणि बाई "हो का, हो का" म्हणत त्यांचा ओला सिलिंडर काढून घेत. प्रवाळाचं त्यांना कौतुक नव्हतं. उलट रागच होता, कारण त्यांची एकुलती एक लेक तिथं खाली लोकांना डायव्हिंग शिकवायची. ती पाण्यात शिरली की बाईंचा जीव टांगणीला लागे. हात कामात आणि लक्ष पाण्याकडे. नवरा दुकानाची होडी चालवायचा. तो म्हणायचा की माशाच्या आईनं मासा बुडेल म्हणून झुरावं तसली ही बाई आहे.

अशात लेकीला दूरवरच्या एका मोठ्या प्रवाळावर नोकरी लागली. सोमवारी निघायचं ठरलं. बाई तोंडानं "छान झालं हो" म्हणाल्या, पण ताटातला घास ताटातच राहू लागला. इथं निदान लेक वर आलेली दिसायची. तिथं रोज खाली जाणार, आणि बाईंनी कुठं बघत बसायचं? लेकीला हे कळत होतं. आईला असं सोडून जायला तिचाही पाय निघेना.

"आई, एकदा माझ्याबरोबर खाली चल," ती म्हणाली. "सासरी दिलेल्या मुलीचं घरसुद्धा आई एकदा बघून येते. मी दिवसभर असते कुठं, ते तरी बघ."

हे मात्र बाईंना लागलं. त्यांनी डॉक्टरांकडून काळीज तपासून घेतलं, ते ठणठणीत निघालं. रबरी सूट चढवताना मायलेकींची अशी झटापट झाली की शेवटी दोघी शेडमध्ये फतकल मारून हसत बसल्या.

शुक्रवारी किनाऱ्याजवळ छातीभर पाण्यात सराव सुरू झाला. लेकीनं आईला खाली बसवायचं आणि आईनं रिकाम्या कळशीसारखं भुसकन वर यायचं. लेकीनं कमरेच्या पट्ट्यात आणखी शिसं घातलं. शनिवारीही तेच. बाई खाली टिकेनात. घाबरतेय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. नवरा म्हणाला की समुद्रालाही ही बाई नको आहे, परत माझ्याच पदरात टाकतोय. एरवी बाईंनी त्याला सोडला नसता, पण आज त्या पट्ट्यातलं शिसं काढत बसल्या. उरला होता एकच दिवस, आणि भीती तर त्यांना अजिबात वाटत नव्हती. म्हणजे आपल्याला हे जमणारच नाही, लेकीचं घर न बघताच तिला पाठवायचं, हे मनात येऊन त्यांचा चेहरा एवढासा झाला.

सामान आवरताना लेकीनं सहज आईच्या सिलिंडरचा काटा पाहिला. तो जेमतेम हलला होता.

"आई, तू श्वास सोडतच नाहीस का?"

"सोडते की. अधूनमधून."

"अधूनमधून?"

"अगं, एक श्वास पुरवून पुरवून वापरला तर काय बिघडलं? उगीच बुडबुडे काढून हवा उधळायची?"

लेकीनं कपाळावर हात मारला. पाण्याखाली श्वास रोखायचा नाही, हा तिच्या धंद्यातला पहिला नियम. छाती हवेनं फुगवून बसलेली आई फुग्यासारखी वर येणार नाही तर काय? तिनं आईला चांगलं फैलावर घेतलं. पुरेशा खोलीवरून दम कोंडून वर आलीस तर फुप्फुस फाटेल, म्हणाली. बाईंना पटलं, पण जन्माची खोड एका रात्रीत जाते थोडीच! तेव्हा लेकीनं युक्ती काढली. तोंडात नळी धरून आईनं गुणगुणत राहायचं. काँप्रेसरच्या खडखडाटात लेकीला झोपवताना बाई जे सूर काढायच्या, तेच. गुणगुणायचं म्हणजे श्वास सोडावाच लागतो. "आणि काटा तांबड्या रेघेजवळ आल्याशिवाय तुला वर आणणार नाही. पोटभर उधळ," तिनं दम भरला.

रविवारी सकाळी नवऱ्यानं प्रवाळाजवळ होडी बांधली. बाई दोराला धरून, लेकीकडे बघत, भसाड्या सुरात गुणगुणत खाली निघाल्या. बुडबुडे भसाभसा वर जात होते. पहिल्या दोन-चारांकडे त्यांनी चोरट्या नजरेनं पाहिलं, मग ते पाहायचं राहूनच गेलं.

कारण खाली आवाज होता! कढईत मोहरी तडतडावी तसं सगळं प्रवाळ तडतडत होतं. हिरवेनिळे मासे दगडासारखं प्रवाळ कटाकटा चावत होते, आणि बाईंच्या तयार कानांना एकेक घास ऐकू येत होता. पिवळ्या माशांचं एक लटांबर त्यांना वळसा घालून, ओळख नसल्यासारखं निघून गेलं. लेक एकेक गोष्ट अशी दाखवत होती, जसं घर दाखवतात: ही खोली, हा माळा, हे शेजारी. एक जाडजूड, रागीट तोंडाचा मासा तर कपारीतून बाहेर आला आणि लेकीच्या मागेमागे फिरू लागला. लेक मात्र हाताची घडी घालून पाण्यात नुसती उभी होती. पायाखाली जमीन नाही, वर आधार नाही, तरी ओसरीवर उभी असावी तशी निवांत. घरी वस्तू पाडत, धडपडत चालणारी पोरगी ती हीच का, असं बाईंना वाटलं, आणि त्यांना इतका आनंद झाला की हसू फुटून डोळ्यांवरच्या काचेच्या मुखवट्यात पाणी शिरलं.

काटा तांबड्या रेघेजवळ आला, तेव्हा लेकीला त्यांना ओढूनच वर न्यावं लागलं.

नवऱ्यानं होडीत घेऊन विचारलं, काय दिसलं. बाई हातवारे करून सांगत सुटल्या, आणि तो "हो का, हो का" करत राहिला. मग मध्येच थांबून त्या लेकीकडे वळल्या. डोळे भरले होते.

"इतकी वर्षं मला वाटायचं, तू खाली जातेस म्हणजे बुडतेस. तू तर घरी जातेस गं. जा तू, खुशाल जा." त्यांनी लेकीचे ओले केस मागे सारले. "आणि पोचल्या पोचल्या फोन कर. तिथं हवा कोण भरतं, त्याच्याशी मला बोलायचंय."