मोजणीआधीची उपकारस्तुती

"साहेब, मशीन जरा थांबवा. आधी उपकारस्तुती करायची हाय," दाऊदराव म्हणाले.

मी रोव्हर उभा करून तयार होतो. रोव्हर म्हणजे काठीवर बसवलेलं मशीन, उपग्रहावरून जागेचं नेमकं ठिकाण सांगणारं. मी भूकरमापक, म्हणजे सरकारी जमीन मोजणारा. मोजणीआधी नारळ फोडणारे पाहिले होते, एकमेकांचं डोकं फोडणारेही पाहिले होते. वाटणीच्या दिवशी देवाचे आभार मानणारे पहिल्यांदाच भेटले.

लोहाऱ्याजवळच्या त्या गावात ख्रिस्ती घरं थोडीच. प्रार्थनेला एकच पत्र्याचा हॉल. आताचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, ठेवायचे की बदलायचे, यावरून मंडळीत फूट पडली होती. 'ठेवा' म्हणणाऱ्यांचे पुढारी दाऊदराव. 'बदला' म्हणणाऱ्यांचा पुढारी त्यांचाच सख्खा पुतण्या, शमुवेल. काका-पुतण्याचं बोलणं बंद होतं. शेवटी दोघांनी मिळून पोटहिश्श्याचा अर्ज केला, म्हणजे हॉलच्या जागेचे दोन तुकडे करा. एवढ्या एका गोष्टीवर मात्र त्यांचं एकमत होतं.

रेघ बरोबर हॉलमधून जात होती. पुलपीट, म्हणजे पाळक उपदेशाला उभे राहतात ती जागा, एकाकडे. दार दुसऱ्याकडे. मध्ये भिंत घातल्यावर पुलपीटवाले आत शिरणार कसे, असं मी विचारलं.

"त्ये आमी बगू," दोघंही एकदमच म्हणाले.

आणि आता ही उपकारस्तुती. मी म्हणालो, "अहो, आज कशाला?"

"पाया असू दे, न्हायतर बोअर असू दे. आमच्यात काम उपकारस्तुतीबिगर सुरू होत न्हाय."

"पण ही तर वाटणी आहे."

"काम हाय का न्हाय?"

मी रोव्हर बाजूला ठेवला.

त्यांची रीत अशी: एकेकानं पुढं येऊन देवानं काय दिलं ते सांगायचं आणि कुणाच्या हातून दिलं त्याचं नाव घ्यायचं. दाऊदरावांनी डोळे मिटले. "देवा, सूनबाईचं बाळंतपण अडलं तवा तू जीप धाडलीस. मायलेकरं वाचली." मग थांबले. "शमुवेलच्या हातून," असं अगदी हळू म्हणाले.

"मला काय न्हाय बोलायचं," शमुवेल म्हणाला.

त्याच्याच गटातल्या मार्थाबाई पुढं झाल्या. "आरं, मग काम कसं सुरू व्हायचं? सायेब उन्हात उभे हायती."

शमुवेल जमिनीकडं बघत बोलायला लागला. "मी धाकला हुतो. बाप गेल्यावर रातच्याला लई भ्या वाटायचं. वरीसभर माझ्याशेजारी आंथरूण टाकलं. काकांनी." दाऊदरावांनी त्याचा हात धरला.

मग रांगच लागली. ह्या गटातल्यानं त्या गटातल्याचं नाव घ्यायचं, त्यानं रडायचं. मी हातात रेघ आखायच्या फक्कीची पिशवी घेऊन उभा. हे भांडण चाललंय, समेट चाललाय की दुखवटा, मला काही कळेना. चहा आला तेव्हा कोण कुठल्या गटाचा तेही कळेना.

"पहिली खूण कुठं करू?" मी विचारलं.

"साहेब, मशीन आवरा," शमुवेल म्हणाला.

"म्हणजे पाळकांचं ठरलं?"

"न्हाय. त्यांना बदलायचंच, मी म्हणतो."

"आन म्या म्हणतो ठेवायचं," दाऊदराव म्हणाले.

"मग मोजणी का नको?"

दोघं माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मीच त्यांचं घर फोडायला आलो होतो.

ऑफिसात साहेबांनी विचारलं, "तडजोड काय झाली?"

"काहीच नाही, सर. वाद तसाच आहे."

"मग प्रकरण बंद कशाच्या आधारावर करायचं?"

मोजणी झाली नाही याचा मला तर आनंदच झाला होता. आजही त्यांचा वाद चालूच आहे म्हणतात, पण एकाच हॉलात, उपासनेनंतर.

पुढं एका शेताच्या मोजणीला दोन भाऊ एकमेकांवर धावून गेले, तेव्हा मी हाच उपाय करून पाहिला. म्हटलं, भावानं केलेलं एक तरी चांगलं काम सांगा. दोघंही माझ्यावरच धावून आले. आभार मानायची सवय आधीपासून असावी लागते, ती मोजणीच्या दिवशी लावता येत नाही.