दोघांना येईल असं पाठीचं गार्ड

बाबांच्या मणक्याला चीर गेली त्या वर्षी आमच्याकडे गावोगाव चारा छावण्या उघडल्या होत्या. देवणी तालुक्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात ते रोजंदारीवर. लसीची थंड पेटी मोटारसायकलला बांधून या छावणीतून त्या छावणीत जायचे. एका कच्च्या रस्त्यावर मुरमात गाडी घसरली आणि ते पाठीवर आपटले. कित्येक महिने अंथरुणात गेले. उठून चालायला लागले तेव्हा लातूरचे डॉक्टर म्हणाले, "गाडी सोडता आली तर सोडाच. नाहीच जमलं तर पाठीला चांगलं गार्ड घालून चालवा. त्याच जागी पुन्हा मार बसला तर पाय जातील."

गाडी सुटणार नव्हती. छावणीला एसटी जात नाही. "उदगीर जिल्हा होऊ दे, मोठा दवाखाना येईल, मग बसून काम करतो," असं बाबा म्हणायचे. नव्या जिल्ह्याची चर्चा मी शाळेत असल्यापासून ऐकत होते.

मी तेव्हा नांदेडला बी.एस्सी. करत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे गोळीच्या पाकिटापासून सरकारी योजनेपर्यंत सगळं मलाच विचारलं जायचं. मला बऱ्याचदा काहीच माहीत नसायचं, पण तसं सांगायचा धीर होत नसे. आई फोनवर म्हणाली, "तू शिकलीस, तूच बघून आण." आणि ठेवता ठेवता, "दादाला बी येईल असं बघ. त्यो बी त्याच गाडीवर हाय."

ते खरंच होतं. सकाळी गाडी बाबांची, दुपारनंतर दादाची. दादा दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन अडकवून लांबच्या बोअरवरून पाणी आणायचा. आमच्याकडे अंगावरचं काहीही एकट्यासाठी येत नाही. दादाचा शर्ट बाबा घालतात, बाबांचं स्वेटर माझ्याकडे होस्टेलवर आहे. दुकानात गेलं की "मापापेक्षा जरा मोठंच द्या" हे वाक्य आमच्या तोंडून आपोआप निघतं.

नांदेडच्या एका हेल्मेट आणि सीट कव्हरच्या दुकानातल्या चाचांनी माझ्यापुढे आधी कमरेचा पट्टा ठेवला. मी कशासाठी हवं ते सांगितल्यावर त्यांनी तो लगेच उचलला. "ये तो कंबरदुखीचा, बेटा. पडल्यावर हे कामाला येतं." त्यांनी खांद्याला पट्टे असलेलं जाड गार्ड काढलं. आतल्या लेबलावर मोटारसायकलवाल्याचं छोटं चित्र होतं. चित्र दाखवून म्हणाले, "हे असलं तरच घे. वडिलांचं माप सांग. मानेखालपासून कमरेपर्यंत."

"ते मध्यम उंचीचे आहेत. पण माझा भाऊ उंच आहे, त्यालाही यायला पाहिजे."

"दोघांत एक? सदरा हाय का हा? फोन लाव घरी, माप विचार."

बाबा छावणीवर होते. फोन लागला नाही. मी लहान आणि मोठं अशी दोन मापांची गार्ड हातात धरून बराच वेळ उभी राहिले. पैसे एकाचेच होते. मोठ्या गार्डाने पाठ जास्त झाकली जाईल, हे मला शास्त्रीयसुद्धा वाटलं. मोठं घेतलं. "लेबल काढू नको," चाचा मागून म्हणाले. "न्हाई बसलं तर बदलून देतो."

घरी आधी दादाने घातलं. त्याला ते अंगावर बेतून शिवल्यासारखं बसलं. "आता मी कासव. कुनी बी ठोका," म्हणत तो अंगणात फिरला. मग बाबांनी घातलं, पट्टे आवळले, ताठ उभे राहिले. "झकास हाय," आई म्हणाली. बाबांना गाडीवर बसवून बघावं हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला उदगीरच्या स्टँडवर सोडायला निघाले. मी मागे होते, म्हणून मला दिसत होतं. बसल्यावर गार्डची खालची कड सीटवर टेकली होती आणि सगळं गार्ड वर चढलं होतं. प्रत्येक खड्ड्याला वरची कड हेल्मेटला धडकत होती.

"बाबा, थांबा जरा."

"आलंच की गं स्टँड."

वळणावर त्यांनी उजवा हात दाखवला आणि मागे बघायला गेले. मान वळलीच नाही. हेल्मेट गार्डवर अडकलं होतं. म्हणून त्यांनी खांदे वळवले आणि खांद्यांबरोबर गाडीही उजवीकडे गेली.

"बाबा, मागं टँकर!"

त्यांनी दोन्ही ब्रेक दाबले. चाक फरपटलं. टँकर हॉर्न वाजवत इतक्या जवळून गेला की गळतं पाणी माझ्या हातावर उडालं. बाबांचे दोन्ही पाय जमिनीवर होते, पण ते हलत नव्हते.

"बाबा, पाय?"

त्यांनी एक पाय उचलला, मग दुसरा. "हायत."

रस्त्याच्या कडेला येऊन त्यांनी हेल्मेट काढलं. "हे दादाला बरोबर बसतंय. त्यालाच राहू दे. मी हळू चालवीन."

"काढा ते. मी बदलून आणते. तुमच्या मापाचं."

"अगं माय, त्याचं अख्खं आयुष्य जायचंय अजून."

"डॉक्टरांनी तुमच्या पाठीचं सांगितलंय, त्याच्या न्हाई."

बाबांना मी असं कधी तोडून बोलले नव्हते. त्यांनी पट्टे सोडले आणि गार्ड माझ्या हातात दिलं.

मी ते मांडीवर घेऊन बसमध्ये बसले, आणि बाबा त्याच रस्त्याने उघड्या पाठीने घरी निघाले. मी सारखा फोन लावत होते. गाडीवर असताना ते उचलणार नाहीत हे माहीत होतं, तरी लावत होते. मुखेड गेल्यावर दादाने उचलला.

"आलेत घरला. रडायलीस का?"

"न्हाई. दादा, लहान माप घेऊन येते. तुला ते येणार न्हाई."

"मग? मी घालून बघितलं म्हणजे माझं झालं का? त्यांचंच आण." मग आवाज लांब गेला. बाबांना तो गाडीवर बसायला सांगत होता. "वाका जरा पुढं, चालवताना बसता तसं. आई, धर टोक." परत येऊन त्याने मला माप सांगितलं.

चाचांनी काही न विचारता लहान गार्ड काढून दिलं.

बाबा ते रोज घालतात. मान वळते. संध्याकाळी दादा कॅन अडकवून निघतो तेव्हा त्याच्या पाठीवर फक्त शर्ट असतो. तेवढ्या वेळात वाजलेला फोन अपघाताचाच वाटेल, म्हणून तो परत येईपर्यंत आई मला फोन करत नाही, आणि मीही करत नाही.